कोरडी खुर्ची

बसस्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी तिला ऐकलेलं होतं, पाहिलेलं मात्र फारसं कोणी नव्हतं. पहिल्या मजल्यावर काचेची एक खोली, तिच्यात एक टेबल, एक माइक आणि ती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुठली येणारच नाही, हे सगळं ती एकाच सुरात सांगे. गाडी रद्द झाल्याचंही अशा आवाजात सांगे की माणसं चिडायच्या आधी क्षणभर गप्प उभी राहत. प्रत्येक घोषणेची सुरुवात 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' अशी. ड्रायव्हर-कंडक्टरांनी मग तिचं नावच 'कृपया' ठेवून टाकलं. तिचा नवरा लांब पल्ल्याची गाडी चालवायचा. त्याला डेपोत 'कृपयाचे मिस्टर' म्हणत आणि तोही ते हसून घेई.

तिच्या शेजारच्या टेबलाशी कंट्रोलर बसे. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याचं नाव शिट्टी. "आमच्या खोलीत एक कृपया आणि एक शिट्टी," तो कौतुकाने सांगे. "आधी कृपया म्हणायचं. नाही ऐकलं तर शिट्टी मारायची. जग चालवायला आणखी काय लागतं?"

खोलीच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत. उघडल्या की इंजिनांची घरघर माइकमध्ये शिरे. एरवी त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. पुढे मात्र सगळं या बंद खिडक्यांनीच अवघड केलं.

तिला गर्भपिशवीत गाठी झाल्या होत्या. महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जाई, चेहरा पांढराफटक पडलेला. बायकांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पिशवी काढून टाकू. सुटशील." हे डॉक्टर म्हातारे, शांत, बोटं लांबसडक. आसपासच्या गल्ल्यांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. आता दूर शिकायला गेलेली तिची मुलगीही त्यातलीच. ते म्हणाले म्हणजे झालंच. तिने रजा टाकली.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा बरंच लांबलं. बाहेर आल्यावर डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले, "रक्त जरा जास्त गेलं. गाठ खाली, अडचणीच्या जागी होती. पण आता काळजी नाही." नवऱ्याने हात जोडले. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्यांच्या टोपीची नाडी घामाने भिजली होती, एवढं नवऱ्याच्या लक्षात राहिलं. पण घाम काय, कष्टाच्या कामात येतोच.

घरी आल्यावर तिची डावी कूस दुखायला लागली. ताप यायचा, जायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मग एका सकाळी ते दुखणं एकदम थांबलं, कोणी बटण दाबून बंद करावं तसं. ती खूश झाली. सासूला म्हणाली, "आई, आज बरं वाटतंय बघा." दुपारी झोपून उठली तर खालची चादर ओली होती.

तिला वाटलं, पाण्याचा तांब्या लवंडला असेल. तांब्या टेबलावर उभाच होता.

डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "आतले टाके विरघळतात, तेव्हा असं पाण्यासारखं जातं कधीकधी. लघवी नेहमीसारखी होते ना?"

"होते."

"लघवी करताना, थांबवताना काही त्रास?"

"नाही."

"मग झालं तर."

लघवी होते, म्हणजे लघवीचा रस्ता ठीक आहे. रस्ता ठीक आहे, म्हणजे जे गळतंय ते काही दुसरं असणार. हे इतकं सरळ होतं की तिलाही पटलं. शरीरात किडन्या दोन, त्यांच्यापासून खाली येणाऱ्या नळ्याही दोन, आणि एक तुटली तरी दुसरी आपलं काम मुकाट करत राहते, हे तेव्हा त्या खोलीत कोणाच्या मनात आलं नाही. तिच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. त्यांच्या मनात कसं आलं नाही, हा प्रश्न तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारला.

पाणी थांबेना. उभी राहिली की गळे, बसली की गळे, झोपली तरी गळे. त्याला वेळ नव्हती, घाई नव्हती. त्याची आधी सूचना नव्हती. जगभरच्या गाड्यांची सूचना देणारी ती, आणि हे तिला काही न सांगता येऊन जाई. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "स्नायू सैल पडलेत. व्यायाम कर." ती व्यायाम करू लागली. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना. सगळं घट्ट आवळून उभी राही आणि त्या आवळलेल्या घट्टपणातूनच मांडीवर एक ऊन धार उतरे.

मग तिला एक गोष्ट सापडली. पाणी कमी प्यायलं की गळतं कमी.

शोध लागल्यासारखा तिला आनंद झाला. आधी तिने दुपारचं पाणी बंद केलं. मग सकाळचं. घसा अगदीच कोरडा पडे तेव्हा ओठ ओले करण्यापुरता घोट घेई. जीभ टाळूला चिकटू लागली, डोकं गरगरू लागलं. पण फडकी दिवसाला निम्म्यावर आली. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "कसं आहे?" तेव्हा ती म्हणाली, "कमी आहे."

त्यांचा चेहरा सैल झाला. कपाळावरची आठी गेली. ती आठी तिने बरेच दिवस पाहिली होती आणि तिला ती पाहवत नव्हती. ज्या माणसाने आपल्या पोरीला पहिल्यांदा हातात धरलं, त्याला वाईट बातमी द्यायची म्हणजे आपणच काही गुन्हा केल्यासारखं वाटे. गाडी रद्द झाल्याचं सांगायला जन्मात कधी न कचरलेली ही बाई तिथे कचरली. "खूपच कमी आहे," ती आणखी म्हणाली. हीच तिची चूक. तिने डॉक्टरांची समजूत घातली, आणि डॉक्टरांनी ती घालून घेतली.

रजा संपली. ती कामावर गेली.

आत जाड घड्या, घड्यांवर प्लास्टिकचा तुकडा, त्यावर काळे कपडे. मनगटावर, मानेवर अत्तर. शिट्टी म्हणाला, "काय ताई, आराम मानवलेला दिसतोय. लग्नाला चालल्यासारखा घमघमाट आहे." ती हसली. दोन घोषणांच्या मधल्या वेळात जिना उतरून खालच्या बायकांच्या मोरीत जायचं, घडी बदलायची, वर यायचं. एवढ्यात एखादी गाडी लागली की शिट्टीच माइक ओढून काहीतरी बरळे आणि खाली माणसं गोंधळून वर बघत.

एक दिवस ती मोरीतून आली तेव्हा शिट्टी तिच्या खुर्चीकडे पाहत उभा होता. स्पंज घातलेली, कापडी गादीची, फिरती खुर्ची. गादीच्या मधोमध बशीएवढा काळपट डाग होता. तो तिच्याकडे वळला नाही. खाली वाकून टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधू लागला. तिथे काहीच पडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या जागी प्लास्टिकची खुर्ची होती. "ती दुरुस्तीला टाकली," शिट्टी म्हणाला. "चाक कुरकुरत होतं. माइकमध्ये येत होतं."

चाक कुरकुरत नव्हतं. त्याने टोमणा मारला असता तर तिने सोसला असता, वर एक परतही केला असता. पण तो भला वागला, आणि त्या भलेपणाने तिला कुठे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. दिवसभर ती त्या कडक खुर्चीच्या कडेवर बसून बोलत राहिली. प्लास्टिकवरून ओघळ खाली फरशीवर जाई तेव्हा ती तो पायाने पुसे. आवाजात काही म्हणजे काही येऊ दिलं नाही.

मग शिट्टीने आणखी एक भलेपणा केला. वरच्या साहेबांना भेटून आला आणि म्हणाला, "ताई, आता सगळीकडे यंत्रं आलीत. तुमचा आवाज एकदा भरून ठेवू. फलाटांचे आकडे, गावांची नावं, वेळा, सगळं सुटं सुटं. यंत्र जोडून बोलेल. तुम्ही घरी आराम करा. जागा तुमचीच."

एका दुपारी त्यांनी आवाज भरला. खालून माणूस येऊन बसला, कानाला डबडी लावून. ती एक एक शब्द सोडू लागली. फलाट क्रमांक एक. फलाट क्रमांक दोन. 'सात' म्हणताना तिला धार जाणवली, नेहमीपेक्षा मोठी, आणि 'सा' आणि 'त' यांच्या मध्ये तिचा श्वास किंचित अडकला. तिने त्या माणसाकडे पाहिलं. त्याने अंगठा वर केला. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. कोणालाच कधी ऐकू येणार नव्हतं. तिला मात्र त्या दिवसापासून तेवढंच ऐकू येई.

अशी ती घरी बसली. कोणी काढलं नाही, तिनेही सोडलं नाही. आवाज कामावर गेला आणि बाई मागे राहिली.

घरात सासू होती. सासूची जीभ म्हणजे वस्तरा. "घरात मांजर शिरतंय का गं कुठून?" ती नाक उडवून म्हणे. "कोपऱ्याकोपऱ्याला वास मारतोय." किंवा, "एवढी अत्तरं कुणासाठी म्हणते मी? तुझा नवरा तर आठवड्यातून दोनदा घरी असतो." कृपया गप्प राही. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. इथे जावयाच्या जागी सासू होती, एवढाच फरक. तिने अंथरूण वेगळं केलं. नवरा गाडीवरून आला की ती आधीच दुसऱ्या खोलीत दार लोटून पडलेली.

"माझं काही चुकलं का?" एकदा त्याने दाराबाहेरून विचारलं.

"तुमचं काही नाही हो."

"गाडी बिघडली तर मी प्रवाशांना खाली उतरवून सांगतो तरी, काय झालंय ते. तू मला गाडीतच कोंडून ठेवलंयस."

अंधारात पडून ती स्वतःचा वास घेत राहिली. मरावं असं तिच्या मनात आलं, तर त्याच्या पाठोपाठ हेही आलं की मेल्यावर अंग पुसायला बायका येतील आणि त्यांना कळेल. मरण्याचीही सोय उरली नव्हती.

सासूने तिला पकडलं ते वासावरून नाही. पाण्यावरून.

"हा पेला सकाळी मी भरून ठेवला होता," सासू म्हणाली. तिच्या हातात पेला काठोकाठ भरलेला. "कालचाही असाच होता. मी मोरीत ओतला. परवाचाही. तू पाणी पीत नाहीस."

"पिते की."

"कधी? तुझे ओठ बघ, जमीन भेगाळल्यासारखे झालेत. का पीत नाहीस?"

सासूने पेला खाली ठेवला, तिचा हात धरून ओढत तिच्या खोलीत नेलं आणि पलंगाखालची बादली पुढे सरकवली. बादलीत भिजलेली फडकी होती, वर साबणाचं पाणी. म्हणजे सासूला सगळं ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे.

"हे किती दिवस धुणार आहेस?" ती म्हणाली. "मी म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. म्हणून टोचत होते. टोचलं की माणूस ओरडतं. तू ओरडतही नाहीस. माझी जीभ थकली गं बाई."

तेव्हा कृपया रडली. रडताना डोळ्यांतून पाणी आलं नाही. अंगात तेवढं पाणी नव्हतंच. नुसते हुंदके, कोरडे, खोकल्यासारखे. सासूने जुन्या चादरी काढल्या आणि तिच्या शेजारी बसून त्यांच्या पट्ट्या फाडू लागली. चर्र, चर्र. बराच वेळ तेवढाच आवाज चालू होता.

मोठ्या रुग्णालयातल्या मूत्रविकाराच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि तुटक बोलत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता किती गळतं?"

"कमी आहे," सवयीने तिच्या तोंडून गेलं.

"खोटं बोलतेय ती," मागून सासू म्हणाली. "पाणीच पीत नाही. विहीरच आटवली तर गळणार काय?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मग नर्सला बोलावून टेबलावर पाण्याचा मोठा जग ठेवायला लावला. "हा सगळा प्या," त्या म्हणाल्या. "इथे, माझ्यासमोर."

कृपया त्या जगाकडे पाहत राहिली. पाण्यावर खिडकीचा चौकोन हलत होता. "नको," ती म्हणाली. "डॉक्टर, हे सोडून काय वाटेल ते करा. कापा. पण पाणी नको. तुमची खुर्ची खराब होईल."

"खुर्ची गेली खड्ड्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने प्यायला सुरुवात केली. पहिला पेला औषधासारखा गेला. दुसऱ्यानंतर तिचं तिलाच कळलं नाही. ती जनावरासारखी प्यायली, हनुवटीवरून सांडत, मध्ये श्वास न घेता. सासूने तोंड फिरवलं.

मग तिला टेबलावर निजवलं. लघवीच्या पिशवीत नळीने निळं पाणी भरलं, अगदी शाईसारखं. योनीमार्गात पांढऱ्या कापसाचे तीन बोळे एकावर एक ठेवले. आणि तिला खोलीत चालायला लावलं. ती भिंतीला धरून चालली. पाणी आत उतरून आपलं काम करू लागलं तशी ती ओळखीची ऊब खाली सरकली. ती थांबली. "येतंय," ती म्हणाली. शरमेने तिचे कान तापले होते.

डॉक्टरीणबाईंनी बोळे काढले. तिन्ही भिजलेले होते. तिन्ही पांढरे होते. निळ्याचा एक ठिपकाही नाही.

"बघा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजातला तुटकपणा गेला. "पिशवी फुटलेली असती तर हे निळे झाले असते. पिशवी शाबूत आहे. तुमच्या स्नायूंचाही काही दोष नाही. गळतं ते वरून. डाव्या किडनीकडून पिशवीकडे येणारी नळी पिशवीपर्यंत पोचतच नाही. ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागलाय."

"म्हणजे माझं काही..."

"तुमचं काही नाही."

हेच ती नवऱ्याला दाराआडून म्हणाली होती. तिला ते आठवलं.

फोटो काढले. डावी किडनी सुजून फुगली होती, पण जिवंत होती. "आणखी उशीर झाला असता तर गेली असती," डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. आधी त्यांनी सोपा उपाय करून पाहिला: खालून दुर्बीण घालून, तुटलेल्या नळीतून एक तार वर चढवायची, तिच्यावरून बारीक नळी सरकवायची, म्हणजे तिच्या आधाराने भोक आपोआप भरेल. तार चढेना. वाट बुजली होती. तेव्हा पाठीतून एक नळी थेट किडनीत घातली आणि बाहेर पिशवी जोडली. आतली सूज उतरेपर्यंत थांबायचं, मग पोट उघडून जोडायचं.

"एक पिशवी काढली," सासू म्हणाली, "दुसरीपर्यंत नळी पोचत नाही, तिसरी कमरेला लटकवली. सून आहे की बाजाराला निघालीय?"

कृपया हसली. हसताना पाठीतली नळी ओढली गेली आणि ती कळवळली. पण खाली ती कोरडी होती. इतक्या दिवसांनी कोरडी. तिला वाटलं, हे असंच राहिलं तरी चालेल, जन्मभर पिशवी कमरेला बांधून फिरेन. एवढ्यावर ती खाली आली होती.

हे सुख टिकलं नाही. नळी अडे, ताप चढे, पुन्हा रुग्णालय, पुन्हा सुई. नवरा डेपोतून फोन करी. तो बोलत असताना मागून तिचा आवाज येई: 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' एकदा तर 'फलाट क्रमांक सात' आलं, आणि तो मधला अडकलेला श्वास तिने ऐकला. ती गप्प झाली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"मी तिकडेच आहे हो," ती म्हणाली. "मी अजून तिथेच भिजत बसलेय. मला उठवा कोणीतरी तिथून."

त्याला कळलं नाही. पण त्याने गाडीची फेरी दुसऱ्याला दिली आणि दुपारपर्यंत तो तिच्या खाटेजवळ येऊन बसला. तिच्या कमरेची पिशवी भरली होती. ती त्याने पहिल्यांदा स्वतः रिकामी केली, न सांडता, इंजिनात तेल ओतावं तशा एकाग्रतेने.

मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हातारे डॉक्टर आले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना कळवलं होतं. ते खाटेजवळ उभे राहिले, आणि तिला पहिल्यांदा दिसलं की त्यांची ती लांब बोटं थरथरतात. तिने त्यांच्यासाठी पुष्कळ शब्द जमवून ठेवले होते. महिनोन्‌महिने, फडकी धुताना, एक एक. आता ते सगळे जिभेवर आले.

"रक्त फार येत होतं," ते म्हणाले. "दिसत नव्हतं. मी चिमटा लावला. मला वाटलं, शीर आहे." मग म्हणाले, "नंतर तरी मला कळायला हवं होतं. तू कमी आहे म्हणालीस आणि मला ते ऐकायचंच होतं. उद्या मी आत उभा राहणार आहे. हात लावणार नाही. पण उभा राहीन, तू नको म्हणाली नाहीस तर."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. माफ केलं असं तिला म्हणता येईना, कारण केलं नव्हतं. शिव्या द्याव्यात तर समोर एक म्हातारा माणूस उभा होता, ज्याला रात्री झोप येत नसावी.

"तो पेला द्या इकडे," ती म्हणाली.

त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरून दिला. पाणी काठावर हिंदकळत होतं. ती त्यांच्या डोळ्यांत बघत प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि रिकामा पेला त्यांच्या हातात परत ठेवला. "उभे राहा," ती म्हणाली. "आणि नीट बघा."

ऑपरेशनमध्ये नळीचा वरचा धड भाग मोकळा केला. तो आखूड पडत होता. मग लघवीची पिशवीच वर ओढून पाठीच्या आतल्या स्नायूला टाक्यांनी बांधली, तिला नवं भोक पाडलं आणि नळीचं टोक त्यात शिवलं. आतून आधाराला बारीक नळी ठेवली. डॉक्टरीणबाई आधीच म्हणाल्या होत्या, "बहुतेकदा जमतं. बहुतेकदा म्हणजे नेहमी नाही." हे वाक्य ती बरी होईपर्यंत उशाशी घेऊन झोपली. आधी पाठीतली नळी काढली. मग लघवीची. शेवटी आतली. दर वेळी एक आधार जाई आणि दर वेळी ती डोळे मिटून वाट पाही.

काही आलं नाही.

त्यावर विश्वास ठेवायला तिचं मन तयार नव्हतं. ती घड्या घालतच राहिली. कोरड्या घड्या ती धुवायला टाके. सासू त्या न धुता तशाच वाळत घाले.

ती स्टँडवर गेली ती एका साध्या सकाळी. जिना चढताना पोटात टाक्यांच्या जागी ओढ लागत होती. काचेच्या खोलीत तिचाच आवाज भरून राहिला होता. टेबलावर एक पेटी आणि तिच्यावर लुकलुकणारा दिवा.

"या ताई!" शिट्टी उठला. "आता मजाच मजा. तुम्ही नुसतं बसायचं. बोलायचं काम यंत्राचं." त्याने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली.

"माझी खुर्ची कुठे आहे?"

"हीच की."

"चाकवाली. कुरकुरणारी."

शिट्टीचा चेहरा लाल झाला. तो खाली गेला आणि अडगळीतून ती कापडी खुर्ची छातीशी धरून वर घेऊन आला. गादीवरचा डाग पुसट झाला होता, पण होता. तिने तो पाहिला. त्याने तिला तो पाहताना पाहिलं. या वेळी टेबलाखाली शोधायला तो वाकला नाही.

ती बसली. पर्समधून बाटली काढली आणि अर्धी संपवली. खाली गाड्या मागे-पुढे होत होत्या, माणसं तोंडं वर करून ऐकत होती. पेटी एक एक फलाट सांगत होती. ती वाट बघत राहिली. पाणी आत कुठून कुठे चाललं असेल, ते ती मनाने चाचपत होती: किडनी, नवा सांधा, पिशवी. सांध्यापाशी येऊन तिचं मन दर वेळी थांबे.

सातव्या फलाटाला गाडी वळताना दिसली.

"हे बंद करता येतं का?" तिने पेटीकडे बोट दाखवलं.

"येतं की. पण का?"

"सात मी बोलते."

शिट्टीने बटण दाबलं. दिवा विझला. तिने माइक जवळ ओढला. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक सात. आकडा सरळ गेला, मध्ये कुठे न अडकता. खाली काही माणसांनी सामान उचललं आणि ती चालू लागली. त्यांना त्यात काही ऐकू आलं नव्हतं.

ती उठली. वळली. तळहात गादीवर ठेवला, त्या डागावर, आणि तसाच दाबून धरला. शिट्टी पाहत होता. तिने त्याला पाहू दिलं. मग ती पुन्हा बसली, बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायली, आणि पुढची गाडी सांगून पुन्हा उठली. पुन्हा हात ठेवला. पुढच्या गाडीनंतर पुन्हा. तिला कळून चुकलं होतं की हे आता जन्मभर चालणार. डॉक्टरीणबाई काहीही म्हणोत, ती उठली की तिचा हात मागे जाणारच.

गादी गरम होती. नुसती गरम.